विंगेतून कपाटात: बेळगावात राहून नाटक आणि ऑडिओबुक

बेळगावच्या वडगावात आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. रात्री साडेदहाला त्यांची खटखट थांबते आणि माझं काम सुरू होतं. गोधड्या टांगलेल्या लाकडी कपाटाचं दार ओढून घ्यायचं, मांडीवर टॅब ठेवायचा आणि कुणाची तरी कादंबरी वाचायची. वीस वर्षं हौशी नाटकात काढली, अजूनही करतो. पण हल्ली आमच्या पोरापोरींचे फोन येतात ते नाटकासाठी नाही. "दादा, ऑडिओबुकचं काम कसं मिळतं?" एकेकाला तासभर सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहून, नोकरीधंदा सांभाळून हे करता येतं. मात्र पायऱ्या चुकवल्या तर अंगाशी येतं.

आधी नाटक, आणि नाटकात आधी प्रॉम्प्टिंग

थेट माइकसमोर बसलेली माणसं मी ऐकली आहेत. आवाज गोड असतो, पण दहा मिनिटांत ऐकणाऱ्याला डुलकी लागते. वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि ते बोलण्याआधी त्या माणसाचं काय झालंय, हे अंगात भिनवायला रंगमंचासारखी जागा नाही. म्हणून किमान दोन-तीन वर्षं नाटकाला द्या.

सुरुवात कुठूनही करा. कॉलेजची एकांकिका, गल्लीच्या गणेशोत्सवातलं नाटक, नाही तर खानापूरकडच्या खेड्यातलं यात्रेचं नाटक, जिथे स्त्रीपात्र बाहेरून आणतात आणि मास्तर पेटीवर बसून सगळ्यांना दम देतात. शहरी मंडळी त्या नाटकांना हसतात. पण माइक बंद पडल्यावर हजार माणसांपुढे उघड्यावर आवाज कसा पोचवायचा, हे मला तिथेच कळलं. शिस्तशीर शिक्षण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आहे. आपल्याकडचे लोक एक नाव मात्र विसरतात: शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम. १९४९ साली सुरू झालेली ही संस्था १९८०पासून नाट्यशिक्षण देते, तेही कन्नडमधून. ज्याचं कन्नड बरं आहे त्याने तिथली चौकशी जरूर करावी.

"आम्ही सीमेवरचे, आमचं काय" हा सूर मला आवडत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, त्याआधी उत्तर कन्नडातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि नाटकाची कल्पना तिथूनच उचलली गेली. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच १८४३ सालचे, जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी नाटकाच्या पाळण्याची एक दोरी कन्नडच्या हातात होती. दोन भाषांत वाढलेला कान ही आपली कमाई आहे, पुढे ती पैशातही मोजता येते.

आता प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटाला वाक्यं पुरवणं. नव्या मुलाला ते सांगितलं की तोंड पडतं. त्याला एंट्री हवी असते, टाळी हवी असते. मी पहिली दोन नाटकं विंगेत वही धरून काढली आणि आज जे वाचन करतो ते त्या दोन नाटकांवर. प्रॉम्प्टर काय करतो बघा. सगळ्यांची सगळी वाक्यं वाचतो. हळू आवाजात, पण शब्द तुटू न देता. एकाच माणसासाठी. नटाने मुद्दाम घेतलेला पॉज कुठला आणि तो खरंच अडकलाय कुठे, हे श्वासावरून ओळखतो. स्वतः कुणाला दिसत नाही. ऑडिओबुक वाचणाऱ्याचं कामही शब्दशः हेच. नायकाची सवय घेऊन माइकसमोर बसणारा ओरडतो, प्रॉम्प्टरची सवय असलेला सांगतो. तेव्हा आपल्या संस्थेत पुढच्या नाटकाला वही मागून घ्या. कुणी नाही म्हणणार नाही, त्या कामाला रांग नसते.

मधली पायरी: अभिवाचन

नाटकातून थेट कपाटात उडी मारू नका. मध्ये वर्षभर अभिवाचन करा. हातात पुस्तक आहे, अंगविक्षेप नाहीत, समोर तीस-चाळीस माणसं आहेत, अशा वेळी नटाच्या हातातली निम्मी हत्यारं गळून पडतात. उरतो आवाज आणि डोळे.

आपल्या भागात याला जागा भरपूर. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. शहरात सार्वजनिक वाचनालय १८४८पासून उभं आहे. शाळांना मराठी दिनाला कार्यक्रम हवाच असतो. मानधन बहुधा नारळ आणि शाल, पण तो अनुभव विकत मिळत नाही.

वीस मिनिटांचा एकच उतारा निवडा. तो घरी दहा वेळा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त एक गोष्ट तपासा: वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का? मराठीत क्रियापद शेवटी येतं. "त्याने दार उघडलं" आणि "त्याने दार उघडलं नाही" यातला सगळा जीव शेवटच्या शब्दात. नव्वद टक्के नवशिके तोच शब्द गिळतात. मीही गिळायचो. आमच्या दिग्दर्शकांनी एका तालमीत मला प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द म्हणायला लावला होता, अख्खा अंक. वेडेपणा वाटला तेव्हा.

जिभेची झाडझूड

बेळगावी बोलीची लाज बाळगू नका, पण तिच्यावर ताबा हवा. पु. ल. देशपांडे इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते आणि त्यांच्या रावसाहेबांमुळे आपली मराठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. त्याचा तोटा असा की पुण्याच्या स्टुडिओत तुम्ही सहज "बसा की" म्हणालात तरी समोरचा आधी हसतो, मग ऐकतो. निवेदनात "की"चा हेल आणि "करूलालोय"ची लय येता कामा नये. पात्र बेळगावचं असेल तर मात्र ती अस्सल आली पाहिजे, आणि तिथे पुण्यामुंबईचा वाचक आपल्यापुढे टिकत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा च, ज आणि झ यांचा होतो. कन्नडात यांचा उच्चार तालव्य, मराठीत दोन प्रकारचा. कन्नड माध्यमात शिकलेल्यांचा फरक पुसट होतो आणि कानाला ते कळतही नाही. जोड्या करून म्हणा: चार आणि चारा, जन आणि जण, जग आणि जगणं, माझी आणि माझा. रोज पाच मिनिटं, महिनाभर. दुसऱ्याला ऐकायला लावा, स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नका.

उलट दिशेने फायदा बघा. सीमाभागावरच्या पुस्तकात सवदत्ती, हुक्केरी, बैलहोंगल येतं, बसवण्णांचं वचन येतं, "एनू"पासून "होगो"पर्यंत संवाद येतात. हे नीट उच्चारणारा मराठी वाचक सापडणं कठीण. नमुन्यात ही बाजू दाखवा.

खोली म्हणजे अर्धं काम

लोक आधी माइक विचारतात. मी आधी खोली विचारतो. भारी माइक वाईट खोलीत ठेवला तर तो खोलीचा वाईटपणा जास्त स्वच्छ टिपतो, एवढंच.

रिकाम्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट ऐकू आलं तर ती खोली बाद. घरातली सगळ्यात लहान, कपड्यांनी भरलेली, रस्त्यापासून दूरची जागा शोधा. कपाट, माळ्याखालचा कोपरा, देवघरामागची अडगळ, काहीही. तिन्ही बाजूंनी जाड गोधड्या टांगा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा सुटी गोधडी आवाज जास्त खाते. तोंडाच्या समोरची बाजू आणि पाठीमागची बाजू या दोन उघड्या ठेवल्या तर बाकी केलेलं फुकट जातं. डोक्यावरही एक टाका. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी आवाज म्हणावा तसा थांबत नाही आणि ते पटकन पेटतात.

एक गैरसमज आधीच काढतो. गोधडीने खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा आवाज थांबत नाही. बाहेरच्या आवाजावर आपल्यासारख्यांकडे एकच उपाय आहे, वेळ. शहापूर, वडगाव, खासबागवाल्यांना मागांची वेळ पाठ असते. लष्कराच्या कॅम्पाजवळच्या माझ्या मित्राच्या एका प्रकरणात, नायिका रडत असताना मागे बिगुल वाजतो. त्याने पहाटेचं रेकॉर्डिंग सोडलं. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी किल्ली शोधताना फ्रिज चालू करायची आठवण येते. हा धडा नासलेल्या दुधाने शिकवला. पंखा बंद, फोन विमान मोडवर, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस कौलांवर आणि पत्र्यांवर जो ताल धरतो त्यापुढे कुठलंही सॉफ्टवेअर हरतं. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब नाही त्यांनी मोठं पुस्तक ऑक्टोबर ते मे या काळातच घ्यावं, आणि करारातली तारीख तशीच मागावी. पावसाळा एडिटिंगला, पुढची पुस्तकं वाचायला आणि नाटकाच्या तालमींना बरा.

सामान

यावर फार बोलत नाही. एक्सएलआर (तीन पिनांच्या वायरचा) माइक, त्याला लॅपटॉपशी जोडणारा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड आणि पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी माइकपुढची जाळी. साधारण वीस ते तीस हजारांत सगळं बसतं. कंडेन्सर माइक बारकावे टिपतो, पण शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. जागा गोंगाटाची असेल तर डायनॅमिक घ्या, आवाज थोडा जाड येतो, पण निभतं. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि पुरेसं आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाचा. हेस्कॉमची वीज गेली तरी अशाने काम अडत नाही.

वाचण्याआधीचं वाचन

पुस्तक हातात आलं की लगेच रेकॉर्डिंग सुरू करायचा मोह होतो. मी एकदा केला. बाराव्या प्रकरणात कळलं की ज्या म्हाताऱ्याला मी खणखणीत आवाज दिला होता तो लहानपणापासून दम्याचा रोगी. बारा प्रकरणं परत.

म्हणून अख्खं पुस्तक एकदा फक्त वाचक म्हणून वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. एका वहीत प्रत्येक पात्राची ओळ लिहा: वय, गाव, कुणाशी कसं बोलतं, लेखकाने आवाजाबद्दल काही म्हटलंय का. दुसऱ्या पानावर शंकेचे शब्द, आडनावं, गावं, संस्कृत श्लोक, इंग्रजी नावं. लेखक हयात असेल तर प्रकाशकामार्फत विचारून घ्या. मग प्रत्येक पात्राचं एक वाक्य रेकॉर्ड करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तीनशे पानांनंतर मावशी परत आली की ती फाइल ऐकायची.

नटांनी इथे जपून राहावं. पात्रागणिक नकला काढायच्या नाहीत. पुरुषाने बाईचं वाक्य म्हणताना आवाज बारीक केला की तमाशातला मावशीचा प्रवेश होतो. आवाज तोच ठेवा, वेग बदला, जोर कमी-जास्त करा, वाक्याच्या आधीचा श्वास बदला. ऐकणारा बाकीचं आपोआप भरून घेतो.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

माइक तोंडापासून सहा ते आठ इंच, आणि नाकासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला. मराठीत फ, भ, थ, ध अशी महाप्राण अक्षरं ठासून भरलेली, सरळ ठेवला तर प्रत्येक "भ"ला धक्का बसतो. सुती कपडे घाला, बांगड्या-घड्याळ काढा. पोट रिकामं नको, गुरगुरतं, आणि तेही रेकॉर्ड होतं. टच्च भरलेलंही नको. चहा-दूध टाळा, तोंडात चिकटा येतो. जिभेची चटचट होत असेल तर हिरव्या सफरचंदाची फोड चावा. आधी मला थट्टाच वाटली होती, पण उपाय चालतो.

पहिली तीस सेकंदं काही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये भोकं बुजवायला ती लागते. त्यानंतर आदल्या रात्रीचा शेवटचा परिच्छेद ऐका आणि त्याच सुरात सुरू करा. समोर एक माणूस कल्पा. माझ्यापुढे आमची आत्या असते, रात्री निवडायला बसलेली. तिला ऐकू जाईल तेवढाच आवाज. तिसऱ्या रांगेसाठीही नाही, बाल्कनीसाठी तर नाहीच.

चुकलात तर थांबा, चुटकी वाजवा आणि वाक्य सुरुवातीपासून म्हणा. चुटकीचा टोकदार उंचवटा एडिटिंग करताना स्क्रीनवर चटकन दिसतो. सराव झाला की पंच अँड रोल शिका. त्यात चुकीच्या काही सेकंद आधीपासून तुमचाच आवाज वाजतो आणि योग्य जागी तुम्ही त्यात शिरता, म्हणजे तिथल्या तिथे दुरुस्ती. नाटकवाल्याला हे लवकर जमतं. दुसऱ्याच्या वाक्याच्या शेपटावर एंट्री घेणं आपण आयुष्यभर करतोच.

सलग दोन तासांच्या वर बसू नका. हिशेब असा: माझा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास, म्हणजे ६०,००० शब्दांची कादंबरी साधारण ९ तासांची होते. एका तयार तासाला, म्हणजे ऐकणाऱ्यापर्यंत पोचणाऱ्या तासाला, मला रेकॉर्डिंगचे २ आणि एडिटिंग-तपासणीचे ३ तास लागतात. म्हणजे एकूण ४५ तास. रोज रात्री दोन तास धरले तर तीन आठवड्यांच्या वर. कंपनीला "आठवड्यात देतो" म्हणण्याआधी हे आकडे आठवा.

तयार फाइलची मापं प्रत्येक कंपनी कळवते. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीचा एसीएक्स नावाचा निर्मितीचा मंच आहे, त्याची जाहीर मापं सरावाला चांगली आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत उंच टोक उणे ३च्या खाली, शांततेतला गोंगाट उणे ६०च्या खाली. शेवटचं जमत नसेल तर खोलीकडे परत जा. गोंगाट काढायचं बटण जास्त दाबलं की आवाज हंड्यातून आल्यासारखा होतो.

काम मागायला जाताना

२०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठीत श्राव्य पुस्तकांचा ओघ वाढला. नमुना पाठवताना तीन तुकडे पुरेत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे: एक शांत निवेदन, एक दोन-तीन पात्रांचा संवाद, एक माहितीपर गद्य. सीमाभागाची खासियत म्हणून चौथा, बोलीतला. मागे संगीत नको, नाव-गाव-अनुभव यांचं भाषण नको. ऐकणारा पहिल्या पंधरा सेकंदांत ठरवतो.

नमुन्याला आणि सरावाला मजकूर कुठला? भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, देवल तर कधीचेच. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा धरा. हयात लेखकाची कथा आवडली म्हणून वाचून यूट्यूबवर टाकणं ही चोरी आहे, "प्रसिद्धीच करतोय की" हे कारण चालत नाही.

अंधशाळांसाठी वाचून द्या. दृष्टिहीनांना वाचता यावं म्हणून नफ्याशिवाय ध्वनिरूप तयार करायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, त्यामुळे तिथे चालू अभ्यासक्रमाची पुस्तकंही वाचता येतात. आणि तिथली मुलं जसे कान पकडतात तसे कुठला परीक्षक पकडणार नाही. आकाशवाणीच्या नाट्यविभागाची ऑडिशन द्या. सांगली केंद्र जवळ आहे. शहरातलं केएलईचं वेणुध्वनी हे समुदाय रेडिओ केंद्रही माइकची भीती घालवायला बरं.

कागद आणि पैसे

माझ्या पहिल्या पुस्तकाचे पैसे आठ महिन्यांनी आले, तेही कमी. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीही होती. मी सही करताना दराच्या पुढे वाचलंच नव्हतं. तुम्ही हे वाचा: दर तयार तासाला आहे की रेकॉर्डिंगच्या तासाला? एडिटिंग कुणाचं? तुमची चूक नसताना पुन्हा वाचायला सांगितलं तर त्याचे पैसे आहेत का? पैसे फाइल दिल्यावर की पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर? (माझं इथेच फसलं. पुस्तक प्रसिद्धच होईना.) नाव दिलं जाणार का? कलाकाराचं नाव देणं हा कायद्याने त्याचा हक्क आहे, २०१२च्या दुरुस्तीपासून तर स्पष्टच. आणि आता नवीन कलम: तुमच्या आवाजावरून यंत्राचा आवाज तयार करायची परवानगी कुठे लपलेली नाही ना? "सर्व माध्यमांत, सर्व तंत्रज्ञानात, कायमस्वरूपी" असं दिसलं की पेन खाली ठेवून विचारा.

पैसे येताना १० टक्के कर कापलेला असू शकतो. पॅन द्या, विवरण भरा, जास्त कापलेला परत मिळतो. आणि नोकरी सोडू नका. व्यावसायिक नाटकात नाइटप्रमाणे पैसे मिळतात, पण त्या संचात जायचं तर मुक्काम पुण्यामुंबईला हवा. इथे राहून नाटक हौसेचं, ऑडिओबुक वरकमाईचं, असा हिशेब पहिली पाच वर्षं धरा.

दोन्ही एकाच घशात

प्रयोग असलेल्या आठवड्यात रेकॉर्डिंग ठेवू नका. तालमीत आवाज फेकला की रात्री तो खरखरतो, आणि एकाच प्रकरणात दोन आवाज ऐकू येतात. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कपाट बंद. प्रयोगानंतर दोन रात्री वाफ, कोमट पाणी आणि गप्प बसणं. कुजबुजू नका, कुजबुजण्याने घसा बोलण्यापेक्षा जास्त थकतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर हळद-दूध पुरे झालं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

त्या गप्प दिवसांत मी एडिटिंग उरकतो. हेडफोन कानावर असला की मागच्या भिंतीपलीकडे माग चालू असले तरी चालतं.